बघू म्हणजे नाही

बैठकीच्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मतासाठी वर होणाऱ्या हातांचा हिशोब तिने पक्का केला होता. तिचा एक, धाकट्या भावाचा म्हणजे बारक्याचा एक आणि आत्याचा एक. कंपनीत वडिलांचा म्हणजे अण्णांचा वाटा सर्वांत मोठा होता खरा, पण या तिघांचे वाटे एकत्र केले की तो कमी पडायचा, आणि आज नेमकं तेच व्हायचं होतं. अण्णांनी उभी केलेली कंपनी स्पर्धेतल्या समोरच्या मोठ्या कंपनीला विकायची आणि तसा होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा, एवढंच काम उरलं होतं. एवढंच आहे, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती, आणि तरी तिच्यासमोरचा चहा तसाच गार झाला होता.

वर्षाच्या नियोजनाची बैठक नेहमी तपासणीच्या खोलीतच व्हायची. शाळांमध्ये आणि कारखान्यांमध्ये ठरल्या वेळी आपोआप घंटा देणारी यंत्रं ही कंपनी बनवत असे. बाहेर पाठवण्याआधी ती या खोलीच्या भिंतीवर टांगून ठेवत आणि दर पाव तासाने वाजू देत. वाजायची ती सगळी एकदम. या खोलीत वाढलेल्या माणसांना त्याचं काही वाटत नसे. बोलता बोलता ती मधल्याच शब्दावर थांबत आणि घंटा संपली की पुढचा शब्द उचलत. बारक्याची बायको, सूनबाई, नवी होती तेव्हा तिची समजूत झाली होती की, आपण तोंड उघडलं की ही माणसं रागावून गप्प बसतात.

अण्णा आले ते आल्या आल्या भिंतीशी गेले. कोपऱ्यातल्या शेवटच्या यंत्राचं झाकण उघडून त्यांनी आत काहीतरी खुडबूड केली आणि मग खुर्चीत बसले. त्यांच्यामागून आई आली, हातात चहाचा थर्मास आणि चेहऱ्यावर आज काहीतरी होणार आहे हे ओळखल्याची खूण. आईचा कंपनीत काडीचाही वाटा नव्हता, पण तिच्याकडे एकदा बघितल्याशिवाय या टेबलावर कुणी हात वर करत नसे. मग अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, गुडघ्यांना शिव्या देत जिना चढून आली. पहिल्या यंत्राच्या सगळ्या तारा तिने आपल्या हाताने जोडल्या होत्या आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. शेवटी बारक्या आणि त्याची बायको. बारक्या आता कुठल्याच बाजूने बारीक उरला नव्हता, चांगला पोट सुटलेला इंजिनियर झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

बारक्याने ताईकडे बघितलं नाही. तिने ते पाहिलं, पण बिचारा घाबरला असेल म्हणून सोडून दिलं.

"करा सुरू," अण्णा म्हणाले.

ताईने सगळ्यांसमोर आराखड्याची एकेक प्रत ठेवली. आराखडा तिने महिनाभर खपून केला होता आणि तो चांगला होता. तिच्या वैऱ्यानेही तो चांगलाच म्हटला असता.

"नवी गिऱ्हाइकं येत नाहीत," ती म्हणाली. "जुनी आहेत ती यंत्र बंद पडेपर्यंत आपली. आणि आपलं यंत्र बंदच पडत नाही."

"नको तेवढं चांगलं बनवलं की असं होतं," आत्या म्हणाली.

"हसण्यावारी नेऊ नकोस गं. तीन वर्षं विक्री घसरतेय आणि पगार तेवढेच आहेत. समोरच्यांची घंटा फोनवरून लावता येते. पाऊस आला, शाळा लवकर सोडायची झाली, तर मुख्याध्यापक बसल्या जागी वेळ बदलतात. त्याचे ते दर महिन्याला पैसे घेतात. आपल्याकडे वेळ बदलायची तर आपला माणूस अजून शिडी घेऊन जातो."

"जातो आणि त्याच दिवशी जातो," अण्णा म्हणाले. "त्यांचा जातो का?"

"नाही जात. तेच लिहिलंय पुढे. म्हणून तर त्यांना आपण हवे आहोत. आपली गिऱ्हाइकं आणि आपली दुरुस्तीची माणसं. आज चांगली किंमत देतायत. दोन वर्षांनी विचारणारही नाहीत." तिने श्वास घेतला. "माझं म्हणणं आहे, कंपनी विकावी."

आईने थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. अण्णांनी आराखड्याचं पान उलटलं, चष्मा वर केला, खाली केला. ते चिडतील, टेबलावर हात आपटतील, अशी ताईची तयारी होती. त्याऐवजी त्यांनी सरळ विचारलं, "ही फोनची गोष्ट त्यांना सुचली कधी?"

या प्रश्नाची ताई कित्येक वर्षं वाट बघत होती. तो असा आयता हातात येऊन पडेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

"त्यांना नंतर सुचली," ती म्हणाली. "मला आधी सुचली होती."

इथे या घराची एक गोष्ट सांगायला हवी. अण्णा मोजकं बोलत, त्यामुळे त्यांच्या शब्दांचा घरात एक कोशच तयार झाला होता. "कशाला?" म्हणजे अर्धा होकार. नुसतं "हं" म्हणजे ऐकलंच नाही. आणि "बघू" म्हणजे नाही. हा शेवटचा अर्थ ताई शाळेत असताना लागला. तिने सायकल मागितली होती, अण्णा "बघू" म्हणाले होते, आणि आईने तिला स्वयंपाकघरात बोलावून समजावलं होतं की बघू म्हणजे नाही, पुन्हा विचारून त्यांना त्रास द्यायचा नाही, दमून येतात ते. ताईने तो अर्थ बारक्याला शिकवला. पुढे तो कंपनीत आला, कामगारांना कळला, हिशोबनिसाला कळला. ज्या कलमावर अण्णा "बघू" म्हणाले, ते कलम पुढच्या बैठकीत कुणी घेतच नसे. फोनवरच्या घंटेचं कलम असंच गेलं होतं. ताईने तो राग गिळला होता, पण पचवला नव्हता. समोरच्या कंपनीने तीच घंटा बाजारात आणली त्या दिवशी ती घरी जाऊन रडली होती, आणि कंपनी विकायचा विचार खरं म्हणजे त्या दिवशीच तिच्या मनात शिरला होता.

"तुला सुचली होती, मग?" अण्णांनी विचारलं.

"मग तुम्हाला विचारलं. याच टेबलावर. तुम्ही म्हणालात, बघू."

"म्हटलं असेन. मग?"

"मग काय, अण्णा? बघू म्हणालात ना तुम्ही."

"अगं हो, ते कळलं. मग तू दाखवलं का नाहीस?"

आणि भिंतीवरच्या सगळ्या घंटा वाजल्या.

सवयीने सगळे थांबले. एरवी त्या आवाजात ताईला कधी काही जाणवत नसे. आज तिला त्या घंटांच्या मागे तेवढं एकच वाक्य ऐकू येत राहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, रागही नव्हता. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. उत्तर ऐकायला म्हणून ते थोडे पुढे झुकले होते, घंटा कधी संपते याची वाट बघत.

घंटा संपल्या. ताईला पुढचा शब्द उचलता आला नाही.

"बघू म्हणजे..." ती म्हणाली आणि तिने आईकडे बघितलं.

"बघू म्हणजे बघू," अण्णा म्हणाले. "करून आण, मी बघतो. न बघता हो कसं म्हणणार?"

"मला पण बघूच म्हणाले होते," सूनबाई म्हणाली.

बारक्याने टेबलाखाली तिचा हात दाबला असावा, कारण तिने तो सोडवून घेतल्याचं सगळ्यांना दिसलं. सूनबाई प्रोग्रामर होती. लग्नाआधी दुसरीकडे चांगल्या नोकरीत होती आणि या घरचा कोश तिला कुणी शिकवला नव्हता.

"मी आल्यावर अण्णांना विचारलं होतं, फोनवरून घंटा लावायचं आपण करायचं का. ते बघू म्हणाले. म्हणून मी करून दाखवलं," ती म्हणाली. "यात चुकलं का माझं काही?"

"काय दाखवलंस?" ताईने विचारलं.

सूनबाईने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. तिने पर्समधून फोन काढला, अंगठ्याने काहीतरी दाबलं, आणि कोपऱ्यातलं शेवटचं यंत्र वाजलं. एकटंच. त्या खोलीत एकटी घंटा आजवर कुणी ऐकली नव्हती. बाकीच्या भिंतीवरची यंत्रं गप्प टांगलेली होती आणि कोपऱ्यातलं एक आपलं वाजत होतं. आत्याने छातीवर हात ठेवला. ताईने आधी यंत्राकडे बघितलं, मग सूनबाईच्या फोनकडे.

"दोन शाळांत लावलंय," अण्णा म्हणाले. "चालतंय. तुला अर्धवट काही दाखवलेलं चालत नाही, म्हणून मीच म्हटलं, जरा उभं राहू दे, मग ताईला सांगू. आज सांगणारच होतो."

"बारक्या," ताई म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"गेल्या महिन्यात कळलं."

"आणि माझ्याबरोबर हात वर करायचं आपलं ठरलं ते?"

"ते त्याच्या आधीचं, ताई." बारक्या टेबलाकडे बघत बोलत होता. "मी तुला सांगणार होतो. रोज सांगणार होतो. तू इतकी इरेला पेटली होतीस की माझी हिंमतच होईना."

"म्हणजे आता तुझा हात नाही."

"नाही. माझ्याच बायकोने केलेलं यंत्र भिंतीवर वाजतंय, आणि मी विकायला हात वर करू?"

"वा," आत्या म्हणाली. "म्हणजे माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन, दोघांनी मिळून मला पटवलंत, आणि आता यातला एक पळाला. दादा, तुझी पोरं तुझ्यापेक्षा हुशार निघाली."

"हात कुणाचे जमवले होते?" अण्णांनी विचारलं.

सांगायची गरज नव्हती. अण्णांनी आधी बहिणीकडे बघितलं, मग मुलाकडे, मग ताईकडे. आपल्या घरातल्या माणसांनी आपल्या पाठीमागे आपल्याला बाजूला करायचं ठरवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर उमटताना ताईने पाहिलं. ते नुसते थक्क झाले होते. कुणीतरी ओळखीच्या माणसाने रस्त्यात उगाच ढकलून द्यावं, तसा तो चेहरा झाला होता. तिला वाटलं, यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला विचारायचं ना," ते म्हणाले.

"तुम्हाला विचारून काय उपयोग, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "अण्णा, मी सायकल मागितली होती तेव्हाही तुम्ही बघूच म्हणाला होतात."

"मग? दुकानात जाऊन बघू, असंच म्हणायचं होतं मला. कुठली हवी ते तुला निवडायचं होतं. रविवारी मी कपडे करून बसलो होतो. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, पोरीची हौस फिटली."

आई इतका वेळ एक अक्षर बोलली नव्हती. आता तिने थर्मास दोन्ही हातांनी धरला.

"मी सांगितलं होतं तिला," ती म्हणाली. "बघू म्हणजे नाही, असं मीच सांगितलं. तुम्ही दमून यायचात. पैशांची ओढाताण होती. मला वाटलं, तुम्हाला नाही म्हणवत नाही, म्हणून बघू म्हणता. मी आपलं तुमच्यासाठी नाही म्हणून टाकलं."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

अण्णा बायकोकडे बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात दोघांनी संसार केला होता, आणि आपण काय बोलतो हे घरात कुणाला कळतच नव्हतं, हे त्यांना आज या टेबलावर कळत होतं. ताईने मनात जो बाप ठरवला होता, प्रत्येक नव्या गोष्टीला नाही म्हणणारा, तो माणूस कधी नव्हताच. ज्याचा तिने इतकी वर्षं राग केला, तो आईने स्वयंपाकघरात उभा केला होता, तोही प्रेमापोटी. आणि खरा बाप रविवारी कपडे करून बसला होता. आता राग कुणावर काढायचा, हेही तिला कळेना.

"राहू द्या," ती म्हणाली आणि समोरच्या प्रती गोळा करायला लागली. "मी मागे घेते. नाही विकायची कंपनी. मी त्यांना फोन करून सांगते. आपलं यंत्र आहे, सूनबाई आहे, आपण करू."

बारक्याच्या जिवात जीव आला. आत्यानेही सुटल्यासारखा श्वास सोडला. सूनबाई तर हसलीच. अण्णांनी मात्र त्यांच्यासमोरच्या प्रतीवर हात ठेवला आणि ती उचलू दिली नाही.

"थांब. यात खोटं काय आहे?"

"म्हणजे?"

"तू लिहिलंयस त्यातलं कुठलं खोटं आहे? विक्री घसरतेय हे खोटं आहे?"

"नाही."

"दोन वर्षांनी ते विचारणार नाहीत, हे?"

"ते खरं आहे. पण तेव्हा मला हे यंत्र माहीत नव्हतं."

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "आपल्या दोन शाळा. त्यांच्या किती असतील?"

सूनबाईचं हसू गेलं. ती खोटं बोलणारी नव्हती. "त्यांच्या पुष्कळ आहेत, अण्णा. आणि आपल्या दोन्ही शाळांनी विचारलंय, हजेरी पण फोनवर होते का. त्यांच्याकडे होते. मला एकटीला ते करायला वर्ष जाईल."

"तेवढ्यात ते आणखी पुढे जातील."

"हो."

"अहो पण अण्णा," बारक्या म्हणाला, "आत्ताच तर तुम्ही म्हणालात, चालतंय म्हणून."

"चालतंय. झकास चालतंय. ताईने तेव्हा दाखवलं असतं, तर आज त्यांनी त्यांची कंपनी आपल्याकडे विकायला आणली असती. आता उशीर झाला. मी सूनबाईबरोबर बसून यंत्र बघत होतो, तेव्हा यंत्रच बघत होतो. बाजार ताईने बघितला." त्यांनी आराखड्यावर बोट ठेवलं. "मी हे वाचलं. बरोबर आहे. सायकलीसाठी बरोबर गोष्ट मागे घेऊ नकोस."

आणि त्यांनी हात वर केला.

आत्याने भावाच्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि मग डोळे पुसत स्वतःचाही हात वर केला. "तू करतोस तर मी कशाला अडते," ती म्हणाली. बारक्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले, लहानपणी मार चुकवायला घ्यायचा तसे.

"तुझा?" अण्णांनी ताईला विचारलं.

तिचा हात लागणारच नव्हता. अण्णा आणि आत्या मिळून पुरेसे होते. पण अण्णा वाट बघत होते, आणि त्यांनी विचारलं म्हणजे खरंच विचारलं होतं, एवढं तिला आज कळलं होतं. महिनाभर तिने या क्षणासाठी माणसं जोडली होती. भांडण झालं तर काय बोलायचं, रडारड झाली तर काय, अण्णा उठून गेले तर काय, सगळं ठरवलं होतं. ते तिच्या बाजूने हात वर करतील, हे तिच्या कुठल्याच ठरवण्यात नव्हतं. तिने हात वर केला. तो दगडासारखा जड होता.

"झालं," अण्णा म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला, चष्मा नीट केला आणि आराखडा उघडला, कारण त्यांना कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायची सवय होती. शेवटच्या पानावर ताईने विक्रीनंतर कोण काय करणार ते लिहिलं होतं. अण्णा बोट फिरवत मोठ्याने वाचू लागले. बारक्या नव्या कंपनीत दुरुस्ती विभागाचा प्रमुख. ठीक. सूनबाई त्यांच्या प्रोग्रामरांबरोबर. ठीक. ताई विक्री बघणार. आत्याला तिचा वाटा एकरकमी. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं.

"माझ्यापुढे विश्रांती लिहिलंयस," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं. मगाशी घंटा संपायची वाट बघत होते तसे, थोडे पुढे झुकून, उत्तर खरंच हवं असलेल्या माणसासारखे.

"यात काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे सकाळी उठल्यावर?"

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आराखड्याची बाकी सगळी पानं तिला तोंडपाठ होती. या एका शब्दाचा तिने लिहिताना क्षणभरही विचार केला नव्हता.